‘फक्त सकारात्मक बोला’: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच मेसेज आला. ‘बऱ्या न होणाऱ्या आजाराची बातमी कुणी सांगितली तर कसं बोलावं’ असा मथळा, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि शेवटी ‘पुढे पाठवा, कुणाला तरी बळ मिळेल’. लिहिणाऱ्याचं मन चांगलं आहे याबद्दल मला शंका नाही. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला मी माझ्या मोठ्या बहिणीच्या पलंगाशेजारी बसून अंमलात येताना पाहिला आहे. त्याने तिला काय झालं तेही पाहिलं आहे. म्हणून हे लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा. आजारी माणसाशी फक्त सकारात्मक बोला, कारण मनाची ताकद आजाराला हरवते. तो लढवय्या आहे याची त्याला आठवण करून द्या. मरणाचा विषय काढू नका, त्याने काढला तर लगेच बदला. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीवर विश्वास ठेवू नका, बरे झालेल्यांची उदाहरणं द्या. त्याच्यासमोर रडू नका. ‘काही लागलं तर सांग’ असं आवर्जून म्हणा. पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, नाव निघालं तर विरोध करा, ती हार आहे. आणि शेवटच्या दिवसांत भेटायला जाऊ नका, हसरा चेहराच आठवणीत ठेवा.

ताईला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. कळला तेव्हाच तो यकृतात पसरला होता. बरा होणार नाही, केमोने काही काळ आटोक्यात राहील, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. तिने ते मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “काही होणार नाही तुला. आपण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू.” पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता. मग ती म्हणाली, “हो, बघू,” आणि तिने माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी सुरू केली. तेव्हा मला वाटलं, मी तिला धीर दिला. खरं तर ती मला बरंच काही सांगायच्या तयारीने बसली होती आणि माझं ते एक वाक्य ऐकून तिने सगळं परत आत ठेवून दिलं. हे तिनेच मला पुढे चार महिन्यांनी सांगितलं. रागाने नाही, सहज.

“मनाची ताकद आजाराला हरवते”

मेसेजमधलं हे सगळ्यात आवडतं वाक्य असावं, आणि माझ्या मते सगळ्यात क्रूरही.

ही समजूत हवेतून आलेली नाही. १९८९ मध्ये स्टॅनफर्डचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रिया त्यात होत्या. ज्या दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करत होत्या त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, ज्यांना असा गट नव्हता त्या १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट! बातमी जगभर गेली आणि ‘मन खंबीर असेल तर आयुष्य वाढतं’ एवढंच तिच्यातून उरलं. त्या गटांत हसतमुख राहायला शिकवत नव्हते, ही गोष्ट मात्र वाटेत गळून पडली. तिथे मरणाची भीती, नवऱ्याशी होणारे वाद, मुलांची काळजी याबद्दल उघड बोलायला जागा दिली जात होती. मेसेजमधल्या सल्ल्याच्या बरोबर उलटं.

शिवाय तो निष्कर्ष पुढे टिकला नाही. २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर असाच अभ्यास झाला. गटात बसणाऱ्यांचं मन हलकं झालं, वेदनेचा त्रास कमी जाणवला, पण आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये स्वतः स्पीगल यांनी १२५ स्त्रियांवर पुन्हा तपासून पाहिलं आणि एकूण गटात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, हे प्रामाणिकपणे छापलं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जेम्स कॉइन यांनी डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. अभ्यासाच्या काळात त्यांतले ६४६ जण गेले. उपचारांच्या सुरुवातीला कोण मनाने किती बरा होता, याचा कोण किती जगला याच्याशी संबंध सापडला नाही.

म्हणजे मन जपायचं ते मनासाठी. आजचा दिवस बरा जावा म्हणून. गाठ त्याने विरघळत नाही.

आणि ती विरघळते असं सांगितलं की काय होतं? एका रात्री दीड-दोनच्या सुमारास ताईने मला हाक मारली. मी शेजारच्या गादीवर होते. दिवा लावू नकोस म्हणाली. मग अंधारातच विचारलं, “आज दुपारी मी खूप रडले. त्याने वाढतो का गं?” सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. पुराव्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर विश्वास न ठेवणारी. दिवसातून दहा वेळा ‘पॉझिटिव्ह राहा’ ऐकून ऐकून तिला स्वतःच्या रडण्याची भीती वाटायला लागली होती. स्कॅनचा रिपोर्ट वाईट आला की तिला वाटायचं, आपलंच कुठेतरी चुकलं, आपण पुरेसं खंबीर राहिलो नाही. आजार होता तो होताच, वर आम्ही त्याची जबाबदारीही तिच्या अंगावर टाकली होती.

“तू लढवय्या आहेस”

हा शब्द सरसकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या लँकॅस्टर विद्यापीठात एलेना सेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सरचे रुग्ण आजाराबद्दल बोलताना कुठली रूपकं वापरतात ते बारकाईने पाहिलं. काहींना लढाईच्या भाषेने बळ येतं, अभिमान वाटतो. काहींना तीच भाषा खचवते, कारण लढाई म्हटली की हरणंही आलं, आणि हरणाऱ्याचं काहीतरी कमी पडलेलं असतं. कॅन्सरच्या बाबतीत युद्धाची भाषा बळावली ती विशेषतः १९७१ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी कॅन्सर संशोधनाच्या कायद्यावर सही केली तेव्हापासून. संशोधनाला पैसा हवा म्हणून ती भाषा ठीक असेल. पण बरा न होणारा आजार असलेल्या माणसाला तुम्ही लढवय्या म्हणता तेव्हा त्याचा पराभव तुम्ही आधीच ठरवून टाकलेला असतो.

आजारी माणूस स्वतः कुठला शब्द वापरतो ते ऐकावं आणि तोच वापरावा. ताई कधी ‘लढतेय’ म्हणाली नाही. ती म्हणायची, “हे वर्ष पार पाडायचंय.” शाळेचं वर्ष पार पाडतात तसं. मग आम्हीही तसंच म्हणायला लागलो.

“मरणाचा विषय काढू नका, त्याने काढला तर बदला”

इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण सगळ्यात जास्त नुकसान या एका सल्ल्याने होतं.

ताईकडे एक निळी वही होती. दुसऱ्या केमोनंतर तिने ती लिहायला घेतली. एकदा मामा भेटायला आले होते. ती उशीला टेकून बसली, वही मांडीवर घेतली आणि म्हणाली, “मामा, यात मी सगळं लिहून ठेवलंय. माझ्यानंतर...” मामांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. “असलं अभद्र बोलायचं नाही. तूच करणार आहेस सगळं.” ते खरोखर प्रेमाने बोलत होते, डोळे भरले होते त्यांचे. ताईने वही बंद केली आणि उशीखाली सरकवली. मग अर्धा तास ती त्यांच्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहिली. मामा समाधानाने गेले. पोरगी खंबीर आहे, असं खाली उतरताना मला म्हणाले.

अमेरिकेतल्या दोन समाजशास्त्रज्ञांनी, बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी, सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या हॉस्पिटलांत मरणपंथाला लागलेल्या रुग्णांभोवती काय घडतं ते पाहून १९६५ मध्ये त्याचे चार प्रकार मांडले. कधी रुग्णाला काहीच माहीत नसतं. कधी त्याला संशय असतो. कधी सगळं उघड असतं. आणि एक प्रकार असा, की रुग्णालाही माहीत असतं, बाकीच्यांनाही माहीत असतं, आणि सगळे मिळून माहीत नसल्यासारखं वागतात. मामा आणि ताई त्या दुपारी तेच करत होते. हे नाटक निभावायला दोन्हीकडून मेहनत लागते. त्यातली मोठी मेहनत, ज्याच्या अंगात सगळ्यात कमी त्राण उरलंय त्याने करायची असते.

“पण बोलल्याने माणूस खचेल ना?” हा प्रश्न मलाही पडायचा. एके काळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या २१९ डॉक्टरांना विचारलं तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सर झाल्याचं रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये तीच प्रश्नावली पुन्हा वापरली तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत चित्र पूर्ण उलटलं.

मरणाबद्दल बोलण्याचं काय होतं, तेही तपासलेलं आहे. २००८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ३३२ रुग्णांचा आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांचा अभ्यास आला. शेवटी कशा प्रकारचे उपचार हवेत याबद्दल डॉक्टरांशी बोलणं झालं होतं ते फक्त ३७ टक्के रुग्णांचं. हे रुग्ण बाकीच्यांपेक्षा जास्त निराश किंवा जास्त चिंतेत नव्हते. व्हेंटिलेटर आणि आयसीयूमध्ये त्यांतले कमी जण गेले. ज्यांच्यावर शेवटच्या आठवड्यात असे उपचार झाले त्यांचे अखेरचे दिवस जास्त त्रासाचे गेले, आणि मागे राहिलेल्या त्यांच्या माणसांना नैराश्य येण्याचं प्रमाणही जास्त होतं.

आणखी एक अभ्यास मी कधीच विसरणार नाही. स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गमावलेल्या आई-वडिलांना विचारलं गेलं, की तुम्ही मुलाशी मृत्यूबद्दल बोललात का, आणि आता त्याबद्दल काय वाटतं. २००४ मध्ये तो छापला गेला. बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना वाटत होतं, बोलायला हवं होतं.

मामा गेल्यावर त्या रात्री मी ताईला म्हणाले, “ती वही मला दाखवशील?” एवढंच. तिने उशीखालून काढली. पहिल्या पानावर पासवर्ड, बँकेची खाती, विम्याचे नंबर. दुसऱ्या पानावर शाळेतल्या तीन मुलांची नावं, ज्यांची दहावीची तयारी अर्धवट राहिली होती, आणि कुणाचं नेमकं कुठे अडतं. तिसऱ्या पानावर तिची कुठली पुस्तकं कुणाकडे आहेत त्याची यादी. चौथ्या पानावर एकच ओळ, खाली दोन रेघा मारलेली: ‘श्वासाचं मशीन नको.’ ती ओळ त्या रात्री वाचली नसती तर पुढे आम्ही काय केलं असतं, या विचाराने मला अजून धस्स होतं.

सगळ्यांनाच बोलायचं असतं असं नाही, हेही सांगायला हवं. काहींना शेवटपर्यंत त्या दिशेने जायचं नसतं आणि तो त्यांचा हक्क आहे. जबरदस्तीने ‘वास्तव’ समोर मांडणारी माणसंही मी पाहिली आहेत. ती मामांइतकीच चुकत होती, फक्त प्रेमाशिवाय. विचारून बघावं: “याबद्दल बोलायचंय, की आज दुसरंच काही बोलूया?” जे उत्तर येईल ते मानावं. तासाभराने उत्तर बदललं तर तेही.

“डॉक्टरांच्या मुदतीवर विश्वास ठेवू नका, बरे झालेल्यांची उदाहरणं द्या”

दोन नावं हमखास पुढे येतात. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, स्नायू हळूहळू निकामी करणारा मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. दोन वर्षं सांगितली होती, ते वयाच्या ७६ व्या वर्षापर्यंत जगले. दुसरे जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड. १९८२ मध्ये त्यांना पोटातला मेसोथेलिओमा हा कॅन्सर निघाला, ज्यात जगण्याचा मध्यक आठ महिने होता. ते आणखी वीस वर्षं जगले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

गूल्ड यांची गोष्ट ताईला कुणीतरी पाठवली होती. ती मला म्हणाली, “मध्यक म्हणजे काय गं? अर्धे अलीकडे, अर्धे पलीकडे. गूल्ड आलेखाच्या पलीकडच्या लांब शेपटीत होता. मी कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. पण शेपटी लांब आहे म्हणून सगळे तिच्यात मावत नाहीत.” तिला आशा नको होती असं नाही. आपण अपवाद ठरलोच पाहिजे, हा तगादा तिला नको होता.

डॉक्टर मुदत मुद्दाम कमी सांगतात, ही समजूत तर उलटीच आहे. निकोलस क्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमॉन्ट यांनी २००० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेल्या अभ्यासात ३४३ डॉक्टरांना त्यांच्या अखेरच्या अवस्थेतल्या ४६८ रुग्णांबद्दल अंदाज विचारला होता. २० टक्के अंदाज बरोबर निघाले. १७ टक्के वेळा डॉक्टरांनी कमी आयुष्य सांगितलं आणि ६३ टक्के वेळा जास्त. डॉक्टर रुग्णाला जितकी जास्त वर्षं ओळखत होता तितकी चूक वाढत गेली. जवळच्या माणसाबद्दल वाईट अंदाज बांधायला डॉक्टरांचंही मन धजत नाही. म्हणून ‘सहा महिने म्हणालेत म्हणजे दोन वर्षं धरा’ हे ऐकून कुणी महत्त्वाची कामं, भेटी, सह्या पुढे ढकलत असेल तर त्याचं फार मोठं नुकसान होऊ शकतं.

उदाहरणांपाठोपाठ उपाय येतात. लिंक, काढे, पथ्यं, कुणा वैद्याचा नंबर. पाठवणाऱ्यासाठी ते एक बटण असतं. आजारी माणसासाठी ते काम असतं: वाचायचं, आभार मानायचे, आणि आपण ते का करत नाही याचं स्पष्टीकरण द्यायचं. त्याने विचारलं नसेल तर पाठवू नये.

“समोर रडू नका”

सांगणाऱ्याचा गळा दाटला आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरले, तर त्यात काय बिघडलं? माझ्या कोरड्या चेहऱ्याने ताईला एकदा वाटलं होतं, की मला समजलंच नाहीये. अडचण रडण्यात नाही. त्या रडण्याची समजूत कुणी घालायची, हा प्रश्न आहे. मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क आणि त्यांचे सहलेखक बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये एक सोपी आकृती सुचवली होती. मध्ये आजारी माणूस, त्याभोवती जवळच्यांचं वर्तुळ, त्याबाहेर थोड्या लांबच्यांचं, असं करत करत. आतल्या वर्तुळाकडे फक्त आधार पाठवायचा. आपली भीती, आपलं रडगाणं, ‘मला हे सहन होत नाहीये’, हे सगळं बाहेरच्या दिशेने, आपल्यापेक्षा लांब असलेल्या माणसाकडे न्यायचं. ताईची एक मैत्रीण आली की ताईचाच हात तिच्या पाठीवर असायचा. ती गेल्यावर ताई दोन तास झोपायची.

मग पहिल्यांदा ऐकल्यावर बोलायचं काय? मला आज पुन्हा तो फोन आला तर मी हे बोलेन. “मला सांगितलंस, बरं केलंस.” “फार वाईट वाटलं ऐकून. काय बोलावं सुचत नाहीये, पण मी आहे.” “डॉक्टरांनी काय सांगितलं, सांगावंसं वाटतंय का?” आणि मग गप्प बसेन. पलीकडची शांतता भरून काढायचा मोह आवरेन. फोन ठेवण्याआधी एक गोष्ट नक्की विचारेन: “हे मी कुणाला सांगितलं तर चालेल?” ती बातमी तिची असते. आमच्याकडे चोवीस तासांत ती अशा लोकांपर्यंत पोचली होती ज्यांची नावंही ताईला नीट आठवत नव्हती.

“‘काही लागलं तर सांग’ म्हणा”

यात काय लागेल ते आजारी माणसानेच शोधायचं, कुणाला जमेल ते ताडायचं, आणि वर मागायचा संकोच गिळायचा. ताईने असं म्हणणाऱ्यांपैकी एकालाही कधी फोन केला नाही.

केमोमुळे तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. शर्टाचं बटण लागायचं नाही, पाकिटातून गोळी दाबून बाहेर काढता यायची नाही. शाळेतल्या एका सहशिक्षिकेने हे पाहिलं. एकही प्रश्न न विचारता पुढच्या रविवारी ती सात कप्प्यांची डबी घेऊन आली आणि आठवडाभराच्या गोळ्या त्यात भरून गेली. मग दर रविवारी यायची. कात्रीने पाकिटं कापून कडेला ठेवायची, एकेक गोळी चिठ्ठीशी ताडून बघायची, मधूनमधून शाळेतलं काहीबाही सांगायची. पंचवीस मिनिटांत निघायची. ‘गुरुवारी तपासणीला मी घेऊन जाते’, ‘मुलांना शाळेतून मी आणते’, ‘उत्तर देऊ नकोस, फक्त आठवण आली म्हणून लिहिलं’: मदत अशी नेमकी असली की तिला फक्त हो किंवा नको म्हणावं लागतं.

“पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हार”

या एका गैरसमजामुळे माणसं विनाकारण वेदना सोसतात. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, धाप, मळमळ, झोप न येणं, भीती आणि घरच्यांची ओढाताण यांवर उपचार. मूळ आजारावरचे उपचार चालू असतानाही ती घेता येते. १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांनी ठामपणे मांडलं.

२०१० मध्ये बोस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली त्यांचं जगणं सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं. शेवटी जोरकस उपचार कमी जणांवर झाले, आणि तरीही जगण्याचा मध्यक ११.६ महिने होता, दुसऱ्या गटाचा ८.९. आयुष्य वाढण्याचा हा फायदा प्रत्येक अभ्यासात दिसलेला नाही. २०१६ मध्ये ४३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा तो दिसला नाही, जगणं सुसह्य होण्याचा मात्र दिसला. मला तेवढं पुरेसं आहे. म्हणून कुणी सांगितलं, की मी पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना भेटून आले, तर ‘अगं बाई, म्हणजे आता...?’ असा चेहरा करू नका. “बरं वाटलं का त्यांच्याशी बोलून?” एवढं विचारा. ताईची पाठदुखी तिथल्या दुसऱ्याच भेटीत आटोक्यात आली. त्याआधी सात आठवडे ती रात्री बसून काढत होती.

“शेवटी भेटायला जाऊ नका, हसरा चेहराच आठवणीत ठेवा”

हा सल्ला कुणाच्या सोयीसाठी आहे ते उघड आहे. आठवण आपली, डोळे आपले. त्या खोलीत जो पडलेला असतो त्याच्या बाजूने बघितलं तर एवढंच दिसतं, की माणसं यायची बंद झाली.

ज्यांना भीती वाटते त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं, की शेवटच्या दिवसांत काय दिसेल. माणूस खूप झोपतो. खाणं जवळजवळ थांबतं, कारण शरीराला ते नकोसं झालेलं असतं, त्यामुळे भरवायचा आग्रह करू नये. हातपाय गार पडतात. श्वास अनियमित होतो, मध्येच थांबल्यासारखा वाटतो. घशात घरघर होते. ती गिळता न आलेल्या स्रावांची असते, आणि ऐकणाऱ्याला जितका त्रास होतो तितका सहसा त्या माणसाला होत नाही, असं एका नर्सने मला सांगितलं तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला. ऐकू येत असेल का, हा प्रश्न सगळेच विचारतात. २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या रुग्णांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या. प्रतिसाद देणं थांबलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत, मृत्यूला काही तास उरलेले असतानाही, आवाजातला बदल टिपला जात होता. त्यांना अर्थ कळत होता का, हे त्यातून सांगता येत नाही.

पण बोलत राहायला तेवढं कारण मला पुरलं. ताई शेवटचे दोन दिवस डोळे उघडत नव्हती. दुसऱ्या रात्री माझ्याकडचं बोलणं संपलं. मग मी निळी वही काढली आणि तिसरं पान वाचायला घेतलं. अकरा नावं होती, प्रत्येकासमोर एक पुस्तक. तिच्या सहशिक्षिकेने आणि मी मिळून महिनाभर फोन करून ती मागवली होती. मी एकेक नाव वाचत गेले आणि सांगत गेले, हे आलं, हेही आलं, याने कव्हर घालून दिलंय, हिने आत चिठ्ठी ठेवलीय. नऊ पुस्तकं कपाटात लागली होती. उरलेली दोन नावंही मी वाचली.